मोराचा डोळा

पिस्त्याची टरफलं कुणी केरात टाकू लागलं की नलूकाकी हात धरायची. "टाकू नको गो, ह्यात मोर आसा."

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत मुलीचं लग्न ठरलं की रुखवतासाठी पहिली हाक काकीला. टरफलांची पिसं, मण्यांची मान, असा मोर ती प्रत्येकीला करून द्यायची. डोळा मात्र लावायची नाही. काळा मणी नवरीच्या तळहातावर ठेवायची. "ह्यो तू बसव. उद्या सासूनं विचारल्यान, तू केलंस काय, तर मान वर करून हो म्हणता येऊक व्हया." माझ्या मोराचा डोळा मी बसवला तो जरा तिरका बसला. "असूंदे, नवऱ्यावर लक्ष ठेवील," ती म्हणाली.

तिच्या मुलीचं, सीमाचं लग्न परळच्या एका हॉलमध्ये ठरलं. मोर तयार होता, डोळा तेवढा बाकी. सीमा म्हणाली, "आई, टरफलांचा मोर? ऑफिसची माणसं येणारेत. हसतील गं." रुखवत दादरहून भाड्याने आलं. मोर खाटेखाली गेला.

हॉलमध्ये नवऱ्यामुलाच्या आजी मण्यांच्या एका कलशापाशी थांबल्या. "विहीणबाई, हा तुमच्या हातचा?"

काकीने सीमाकडे पाहिलं. सीमा जमिनीकडे बघत होती. "हो," काकी म्हणाली. तिची मान खाली होती.

"मग मला द्या. देव्हाऱ्यात ठेवीन."

कलश दुसऱ्या दिवशी दुकानात परत जायचा होता. "ह्याचे मणी सैल झालेत. घट्ट करून पाठवते," काकी म्हणाली. तिने मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेतला आणि पुढे कित्येक दुपारी तो बघून तसाच्या तसा कलश केला. "त्यापेक्षा मोरच द्या ना," मी म्हटलं.

"खोट्याक माझो मोर कित्याक?"

त्यानंतर तिने कुणाचंच रुखवत केलं नाही. मुली विचारायला आल्या की म्हणायची, "दादरला चांगलं मिळतं."

काकी गेल्यावर सीमा खोली आवरायला आली. खाटेखालून मोर निघाला, सोबत पुडीत काळा मणी. तो तिने बराच वेळ हातात धरला. "ताई, आता कुठल्या तोंडाने बसवू?" तिने मला विचारलं.

आजी अजून आल्यागेल्याला कलश दाखवतात. "सीमाच्या आईच्या हातचा." सीमा चहा टाकायला आत जाते. मोर तिच्या कपाटात आहे. डोळा बसलेला नाही.