आत्याने वाळवलेले आठ ओंडके

माझ्या नणंदेला सगळे ठिणगीआत्या म्हणतात. राग नाकावर, म्हणून; आणि एका काडीत जाळ पेटवते, म्हणूनही. रानाकाठच्या पर्यटकांच्या शिबिरात ती एकतीस वर्षं स्वयंपाकीण होती. गेल्या वर्षी ते शिबिर माझ्या मुलाच्या ताब्यात आलं. आयत्या बिळावर नागोबा. पोटचा असला तरी दुसरा शब्द सुचत नाही.

तिची चूल म्हणजे एक उभा ओंडका. गुडघ्याएवढा उंच, दोन वर्षं छपराखाली वाळवलेला. वरून करवतीने फुलीसारख्या दोन चिरा पाऊण उंचीपर्यंत उतरवायच्या, त्यांत ढलप्या कोंबायच्या आणि मधोमध काडी लावायची. काठावर तीन दगड, दगडांवर पातेलं. ओंडका आतल्या आत खाली जळत जातो. तीन तास ना फुंकर, ना लाकूड सारणं. मात्र लाकूड कोरडंच हवं. ओलं लाकूड आणि गोडबोल्या माणूस, दोघांचा नुसता धूर, असं ती म्हणायची.

नऊ मार्चला, शनिवारी, चाळीस पाहुणे खास ही चूल बघायला आले. आत्या सकाळी सात वाजता छपराखाली गेली, तर तिथे झाडून काढलेली मोकळी जमीन. तिचे आठही ओंडके अंगणात गोल मांडलेले, व्हार्निश लावून, बसायला. तिच्यासाठी चिरंजीवांनी त्याच आठवड्यात तोडलेल्या झाडाचे ओंडके आणून टाकले होते. लाकूड ते लाकूड, म्हणे. शिवाय अंगणाला शोभा आली.

हे पेटणार नाही, असं आत्याने बजावलं. त्यावर त्याने पाहुण्यांसमोर सुनावलं, की आज जमलं नाही तर सोमवारपासून गॅसची शेगडी येईल आणि तिने घरी बसावं. मी तिथेच कांदे चिरत होते. डोळ्यांत पाणी आलं ते कांद्याचं नव्हतं.

आत्याने ओला ओंडका चिरला, पेटवला. तो सूं सूं करत राहिला, चिरांतून फेस आला आणि धुराने पाहुणे उठून पळाले. मुलगा म्हणाला, मग व्हार्निशवाला घे.

"त्या धुरावर शिजवून लोकांना विष घालू?" तिने कुऱ्हाड त्याच्या हातात दिली. "साल काढ. करवतीने वरची चकतीही काप. तुझी शोभा तुझ्याच हाताने उतरव."

त्याने माझ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" मी म्हटलं. "ओंडका तास."

पन्नास मिनिटं तो तासत होता. दोन्ही तळव्यांना फोड आले. एकाही फोडाची मला दया आली नाही. मग आत्याने चिरा पाडून एक काडी लावली. दहा चाळीसला मोठ्या पातेल्याला उकळी फुटली. पाहुणे पोटभर जेवले. ती जेवली नाही.

करवत पुसून ती पोत्यात गुंडाळू लागली, तसा मुलगा ओशाळं हसत जवळ आला.

"आत्या, गॅसचं राहू दे. तूच कर."

"लाकडाला वाळायला दोन वर्षं लागतात," ती म्हणाली. "तुला किती लागतील ते बघ, मग ये."

मी पदर खोचला आणि तिच्याबरोबर निघाले. फाटकापर्यंत आलो तरी अंगणातला ओंडका जळतच होता आणि मुलगा त्याच्यापाशी फोडांवर फुंकर घालत उभा होता.