वीस दिवसांचे पॉड

फोन वाजतच होता आणि माझ्या स्क्रीनवर सगळं ठणठणीत. शाळा सुटलेली, मुलांची व्हॅन कुठपर्यंत आली ते बघायचं आमचं ॲप बंद, बिबवेवाडीची एक आई तर तिसऱ्यांदा फोनवर, आणि मी आपली तीच कमांड परत परत मारतेय. आमचा प्रोग्रॅम तुकड्यातुकड्यांत चालतो, त्या तुकड्यांना पॉड म्हणतात. कमांड मारली की यादी येते, कोण चालू, कोण कितीदा पडून उठला, कुणाचं वय किती. सगळे चालू. एकही पडलेला नाही.

बारावी अर्धी सोडलेली मी, मग लग्न, लेक, मग कॉम्प्युटरचा एक क्लास, आणि मला कायम करायचं की नाही ते सर शुक्रवारी ठरवणार होते. काम एवढंच, बघत बसायचं आणि बिघडलं की सांगायचं. तेवढं पण जमेना.

मग वयाच्या रकान्यात दिसलं, वीस दिवस. लेकीचं वय कुणी विचारलं तर मी अजून दिवसांसकट सांगते, त्यामुळे ते खटकलं. नवं व्हर्जन आज सकाळीच टाकलेलं, मग हे चार तासांचे पाहिजेत ना? हे पॉड ज्या मशीनच्या ताफ्यावर चालतात त्याला क्लस्टर म्हणतात, आमचे दोन, एक खरा, एक सरावाचा टेस्ट. मी कुठल्या क्लस्टरवर आहे ते विचारलं, उत्तर आलं, टेस्ट. आदल्या दिवशी सरावाला तिकडे गेले होते, परत आलेच नव्हते. खऱ्या क्लस्टरवर गेले तर पॉड मेमरी संपून पडतायत, उठतायत, परत पडतायत.

सरांना बोलावलं. नेट गेलं होतं म्हटलं असतं तर खपलं असतं, आमच्याकडे जातंच.

"सर, सकाळपासून मी चुकीच्या क्लस्टरवर बघत होते."

सरांनी खुर्ची ओढली, जुनं व्हर्जन परत टाकलं. यादी शांत झाली, हळूहळू फोन पण थांबले. मग चष्मा पुसत म्हणाले, "उत्तम. पोर आपलं तापलेलं, आणि तुम्ही शेजारच्याचा ताप मोजत बसलात."

मला रडू आलं, हसू पण आलं.

शुक्रवारी कायम केलं. वयाचा रकाना कोणी बघत नाही, तुम्ही बघितलात, एवढंच म्हणाले. आता माझ्या स्क्रीनवर दर ओळीआधी क्लस्टरचं नाव येतं, खऱ्याचं लाल रंगात.

पण खरं सांगते, सर दारातून आत येईपर्यंत ते नेटचंच वाक्य माझ्या ओठांवर होतं. तुम्ही असता तर कुठलं बोलला असतात?