फाउंड्रीतला गूळ

समस्त बेळगावकरांना अत्यंत गंभीरपणे कळवतो, की मी एका माणसाच्या गुळावर जळत होतो. मला शुगर, आणि हा फाउंड्रीतला कामगार पाळी संपवून रोज शहापूरच्या टपरीवर माझ्यासमोर बसायचा, मिशीवरची ओतकामाच्या साच्यांतल्या वाळूची धूळ पुसायचा आणि लिंबाएवढा गुळाचा खडा डोळे मिटून चघळायचा.

"गुळानं छातीतली धूळ खाली उतरती, साहेब. नाकाला फडकं कशाला बांधायचं?"

छळ नुसता!

काल मात्र खडा त्याच्या हातातच राहिला. मी आनंदाने विचारलं, "काय अण्णा, तुम्हालाबी शुगर?"

तो बराच वेळ खोकला. "फुप्फुसात क्यान्सरची गाठ हाय. डॉक्टर म्हणत्यात, धुळीनं." मग गूळ माझ्या हातात कोंबून तो सगळ्या टपरीदेखत ओरडला, "खावा तुमी! तुमची शुगर मला द्या!"