तो रुसलाय, असं आम्ही ठरवलं

माझी सून हॉस्पिटलात ऑपरेशनची हत्यारं धुते. असं म्हटलं की ती चिडते. "धुणं वेगळं, आई. मी निर्जंतुक करते." बरं बाई, निर्जंतुक करते. तळघरातली लांबोडकी खोली, खिडकी नाही. एका टोकाने रक्ताळलेले चिमटे आणि कात्र्या येतात, दुसऱ्या टोकाने कापडात गुंडाळलेल्या पेट्या बाहेर पडतात. मधे ही आणि आणखी तिघी. प्रत्येक चिमट्याचे दात भिंगाखाली बघायचे, प्रत्येक बिजागरी उघडून मिटून पाहायची, यादीशी ताडायचं, गुंडाळायचं, वर एक पट्टी चिकटवायची आणि वाफेच्या भट्टीत ढकलायचं. पट्टीवरच्या फिकट रेघा काळ्या झाल्या की वाफ मिळाली म्हणायची. नाही झाल्या तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. एकदा तिने एका कात्रीत केसाएवढी चीर पकडली, तीही सर्जनने 'चालेल' म्हटलेल्या कात्रीत. तो सर्जन आठवडाभर तिच्याशी बोलला नाही आणि ही आठवडाभर खुशीत होती.

हे आधी सांगते, कारण पुढे जे झालं ते अशा बाईच्या हातून झालं. आणि माझ्या.

मूल आठ महिन्यांचं झालं आणि तिची रजा संपली. माझा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. कुठल्या इमारतीत कोण दोन मजल्यांच्या मधे लटकेल याला काळवेळ नसते, त्यामुळे त्याला धरण्यात अर्थ नव्हता. राहता राहिले मी. मुलाने जेवताना विषय काढला, ताटाकडे बघत.

"आई, तू तशी घरीच असतेस..."

"घरी असते, रिकामी नसते," मी म्हटलं. "एक वाढवला तेवढा पुरे झाला. माझे गुडघे आणि तुझं पोर, दोन्ही एकदम मला उचलायची नाहीत."

"मी कुठे म्हटलं तू सांभाळ?"

"मग इतका वेळ त्या ताटाला विचारत होतास का?"

सून खळखळून हसली. तेव्हा ती हसायची.

पाळणाघर मोठ्या रस्त्यापलीकडे होतं. तळमजल्यावर दोन खोल्या, दारात चपलांची फळी, भिंतीला ओळीने खुंट्या, प्रत्येक खुंटीवर एक चित्र आणि त्याखाली त्या त्या मुलाची पिशवी. आमच्या वाट्याला बदक आलं. चालवणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणत. साठीच्या आसपासच्या, ठेंगण्या, हात सतत साबणाने धुऊन पांढरे पडलेले. पहिल्याच दिवशी त्यांनी आपली पद्धत सांगितली.

"दात, पाऊल, शब्द, यातलं पहिलं काही माझ्याकडे झालं तर मी आईबापांना सांगत नाही. ब्रसुद्धा काढत नाही. तुम्हाला ते घरीच दिसू दे. वीस वर्षांत माझ्याकडे एकाही मुलाने पहिलं पाऊल टाकलेलं नाही, असं समजा."

सुनेचे डोळे भरून आले. बाहेर पडल्यावर म्हणाली, "किती समजूतदार बाई आहेत."

"धंद्याचं शहाणपण आहे ते," मी म्हटलं. पण मनातून मलाही ते आवडलं होतं, उगाच खोटं कशाला बोलू?

पहिल्या दिवशी ती सकाळी साडेसहाला पोराला काकूंच्या हातात देऊन निघाली आणि कोपऱ्यावर जाऊन उभी राहिली. तो कधी रडतो याची वाट बघत. तो रडलाच नाही. बसमधून मला फोन.

"रडला नाही, आई."

"मग बरंच झालं की."

"हो," ती म्हणाली. कोणी तिच्या हातातलं काही काढून घ्यावं, तशा आवाजात.

दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी संध्याकाळी भांडी विसळता विसळता म्हणाली, "एकदा तरी रडायला हवं होतं ना?" आणि जरा थांबून, "खरं सांगू? बसमध्ये खिडकीशी बसते, मांडी मोकळी, हात मोकळे. इतकं हलकं वाटतं की माझी मलाच लाज वाटते." मी म्हटलं, लाज कसली, हात दुखतात माणसाचे. पण तिला ते पटलं नाही. हलकं वाटल्याची शिक्षा कुठून तरी यायलाच हवी, असा तिचा हिशोब दिसला.

मुलगा वरवर मजेत होता. पोराला तो ठोकळा म्हणायचा, कारण ठेवावा तिथे चौकोनी बसून राहायचा. "माझ्यावर गेलाय," म्हणायचा. "कामावर जाणाऱ्याची वाट अडवत नाही." पण कामाच्या पिशवीसकट तो दिवसातून दोनदा त्या गल्लीतून वळसा घालून जायचा, हे मला भाजीवाल्याने सांगितलं.

पाळणाघरात जायला लागल्यावर महिन्याभरात पोराचं 'बाबाबा, ताताता' बंद झालं. जागा बदलली म्हणून गप्प झालाय, असं सगळे म्हणाले. मग दुसरंच सुरू झालं. सून संध्याकाळी घ्यायला जायची, दारातून हाक मारायची, आणि हा पाठ करून बसलेला. मान वळवायचा नाही. ती पुढ्यात जाऊन बसली की दचकायचा, मग हसायचा, तिच्या अंगावर चढायचा. पण हाकेला बघायचा नाही.

एकदा मी तिच्याबरोबर गेले. ती दारातून ओरडली, "ठोकळोबा! अरे, बघ तरी कोण आलंय!" तीनदा. पाठ जशीच्या तशी. ती कानकोंडी होऊन माझ्याकडे बघायला लागली, आणि मी म्हटलं, "रुसलाय तुझ्यावर. दिवसभर टाकून जातेस, त्याला कळत नाही वाटतं?"

हे मी बोलले. गमतीने बोलले असं म्हणायची सोय आहे, पण ती अर्धीच गंमत होती. सांभाळायला नाही म्हटलेल्या माणसाला दुसऱ्याला टोचायची हौस जरा जास्तच असते.

तो शब्द घरात राहायलाच आला. मुलगा दार उघडून विचारायचा, "काय, साहेब अजून रुसलेलेच का?" सून सकाळी अर्धा तास लवकर उठून त्याच्याशी खेळायला लागली. त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून म्हणायची, "चुकलं बाळा, आईचं चुकलं. लवकर येईन हं आज." तो टक लावून तिच्या ओठांकडे बघायचा, डोळ्यांकडे नाही. आम्हाला वाटायचं, जाब विचारतोय. काकूंना रोज एकच प्रश्न, "कसा होता?" आणि रोज एकच उत्तर, "अगदी मजेत. बाकीची दुपारभर कोकलत असतात, हा गाढ झोपतो. गुणी पोर आहे हो तुमचं." ते ऐकून ती घरचा जिना चढायची तेव्हा सुखावलेली असायची आणि पडलेलीही.

पोर सव्वा वर्षाचं झालं. एके दिवशी हॉस्पिटलातली वाफेची भट्टी बंद पडली आणि या चौघींना दुपारी एकलाच सोडलं. त्याला बूट घ्यायचे होते, म्हणून तिने मला कोपऱ्यावर बोलावलं. आम्ही दोघी पाळणाघराच्या दारात पोचलो तेव्हा आत पडदे ओढलेले, ओळीने सात गाद्या, सात मुलं झोपलेली. आम्हाला कोणी पाहिलं नाही. मदतीला असलेली बाई धुतलेल्या स्टीलच्या ताटल्यांचा ढीग घेऊन चालली होती. तो तिच्या हातातून निसटला.

काय तो आवाज! सहा मुलं उठून बसली आणि एकसुरात भोकाड पसरलं. सातवं झोपलेलं. गालाखाली हात, तोंड अर्धवट उघडं.

मला वाटलं, सून किंचाळेल. तिने चप्पल काढली, आत गेली, खालची एक ताटली उचलली, एक चमचा उचलला. पोराच्या डोक्याच्या मागे गुडघ्यावर बसली आणि ताटली वाजवली. मग जवळ आणून वाजवली. मग अगदी कानाशी. पापणी हलली नाही. तळघरात चिमटे तपासताना तिचा चेहरा असाच असेल. मग तिने ताटली ठेवली आणि जमिनीवर तळहात जोरात आपटला. गादी हादरली तसे पोराने डोळे उघडले. तिला पाहिलं आणि हसलं.

काकू एका कडेवर एक रडणारं मूल घेऊन उभ्या होत्या.

"तुम्हाला माहीत होतं?" सुनेने विचारलं.

"माहीत असं नाही... शंका येत होती."

"कधीपासून?"

"झाले असतील चारेक महिने."

"चार महिने! आणि रोज मला मजेत आहे म्हणून सांगत होतात?"

"मजेतच होता हो. मला वाटलं, घरी तुमच्या लक्षात आलंच असेल. आईच्या आधी मी कसं बोलायचं? पहिलं काही मी सांगत नाही, हे तुम्हाला म्हटलंच होतं."

"हे काय पहिलं पाऊल आहे?"

काकूंनी मूल या कडेवरून त्या कडेवर घेतलं. "तुम्ही संध्याकाळी दारात यायच्या ना, तुमचं तोंड बघवायचं नाही. मी एक शब्द वावगा बोलले असते तर तुम्ही तिथेच खाली बसला असतात. उद्या सांगू, उद्या सांगू करत राहिले."

मग मी तोंड सोडलं. "बाई, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? पोराच्या कानाचा प्रश्न, आणि तुम्ही आईचं तोंड बघत बसलात?"

"आजी," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही तर घरातच होता."

मी खाली सांडलेल्या ताटल्या गोळा करायला लागले.

कानांची डॉक्टरीण तरुण होती, घाईत होती. जन्मल्यावर झालेल्या तपासणीत कान ठीक निघाले होते, त्याचा कागद सुनेने पुढे ठेवला. डॉक्टरीण म्हणाली, नंतर हळूहळू गेलं असणार, असं होतं. जागेपणी मोठे आवाज थोडे पोचतात, बोलणं पोचत नाही.

"हाकेला बघत नाही, हे पहिल्यांदा कधी जाणवलं?"

"सहा महिने झाले."

"सहा महिने? मग आणलं का नाही?"

"मला वाटलं, रुसलाय," सून म्हणाली.

डॉक्टरिणीचं पेन थांबलं. ती हसली असती तर बरं झालं असतं. तिने मान खाली घालून लिहिलं आणि म्हणाली, "बोलणं शिकायचे हेच महिने असतात. गेले ते गेले. आता यंत्र लावू."

घरी आल्यावर व्हायचं ते झालं. मुलगा मला म्हणाला, "रुसलाय हे तुझंच." मी म्हटलं, "आणि साहेब साहेब करत कोण नाचत होतं?" सून मधे पडली नाही. आमचं संपल्यावर इतकंच म्हणाली, "कात्री असती तर मी पहिल्या दिवशी परत पाठवली असती. कात्रीला मी टाकून जात नाही ना, म्हणून तिची चीर दिसते."

दुसरं पाळणाघर शोधायला आम्ही दोघी आठ दिवस फिरलो. सगळीकडे गोड बोलणं, आणि यंत्राचं नाव काढलं की जागा भरलेली. एक बाई तोंडावर म्हणाली, "ते यंत्र दुसऱ्या पोराने चावलं तर मी कोणाला धरू?" मग मी म्हटलं, "राहू दे. मी सांभाळते."

"नको, आई."

"का गं?"

"नको," ती म्हणाली, अगदी नीट, परक्या बाईला बसमध्ये जागा नाकारावी तशी. त्यावर वाद घालण्यासारखं तिने काही ठेवलंच नव्हतं. सोमवारी पोर पुन्हा काकूंकडे गेलं, त्याच बदकाखाली पिशवी लावून.

काकू बदलल्या. आता त्या सगळं सांगतात. तुमचा मुलगा चावतो, तुमची मुलगी एका डोळ्याने तिरकं बघते, तुमचं पोर मदतीच्या बाईला आई म्हणालं. दोन महिन्यांत तिघांनी आपापली मुलं काढून घेतली. "कटकटी झाल्यात फार," त्यातला एक बाप मला रस्त्यात म्हणाला. सून मात्र रोज संध्याकाळी फळीपाशी उभी राहून सगळं ऐकून घेते, ओठ घट्ट मिटून. काकूंना ती माफ करेलसं मला वाटत नाही. मला तर तिने कधी दोषच दिला नाही, म्हणजे माफीचं ते दारही बंद.

आणि पोर आता रडतं. यंत्र लागल्यावर पंधराएक दिवसांत त्याला पाळणाघराच्या कडीचा आवाज कळायला लागला. ती कडी वाजली की आई जाते, हे त्याने जुळवलं. रस्त्याच्या वळणापर्यंत त्याचा आवाज येतो. मी एकदा पाहिलं, ती न थांबता बसपर्यंत चालत गेली.

परवा पहाटे ती स्वयंपाकघरात उभी राहून यंत्राचा कानात जाणारा तुकडा मऊ फडक्याने पुसत होती. तिचं पुसणं बघण्यासारखं असतं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्या डॉक्टरिणीने सांगितलं ना, ऐकू येत नाही म्हणून. तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू?"

"काय?"

"बरं वाटलं. तो माझ्यावर रुसलेला नव्हता."

गॅसवर दूध वर यायला लागलं होतं. तिनेच हात लांब करून ते बंद केलं.

"आपल्या पोराला ऐकू येत नाही हे कळल्यावर बरं वाटतं," ती म्हणाली. "कसली बाई मी, आई?"

मला प्रत्येक गोष्टीवर बोलायला काहीतरी सुचतं, सगळं घर त्याला कंटाळलेलं आहे. सव्वासहा वाजले होते. मी म्हटलं, "चल, बस चुकेल." तिने मान हलवली, आतल्या खोलीत जाऊन झोपलेल्या पोराला उचललं आणि त्याच्या कानात यंत्र बसवलं.