पत्रे लागायच्या आधी

राजारामपुरीत एखाद्या जुन्या बंगल्यासमोर दोन मिनिटं उभं राहिलं की तिसऱ्या मिनिटाला गेटची कडी वाजते. "कोण पायजे?" कोणी नको असतं, नुसतं घर बघायचं असतं, हे कोणाला पटत नाही. घर बघणारा माणूस बिल्डरचा असतो, नाहीतर बँकेचा. त्यातून मी साठी उलटलेली, पायात कापडी बूट, हातात मोबाइल. बिल्डर हल्ली बायकांनाच पुढं पाठवतात म्हणे.

मला याचा राग येत नाही, कारण मीही तशीच संशयी आहे. मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवता शिकवता जन्म गेला, निवृत्तीनंतर डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलं. बाकीच्या बायका रंकाळ्याला फेऱ्या मारतात. मी राजारामपुरी, टाकाळ्याच्या गल्ल्यांतून स्वातंत्र्यानंतरच्या काळातली घरं बघत हिंडते. सिमेंट नव्यानंच हाती आलं होतं, तेव्हाची ही घरं. कोपऱ्याला वळणारी गोल बाल्कनी, गच्चीच्या कठड्यावर आडव्या तीन पट्ट्या, खिडक्यांवरचा छज्जा न तुटता कोपरा वळून पलीकडं गेलेला. एकाच्या न्हाणीघराला तर बोटीला असते तशी गोल खिडकी आहे. बांधणाऱ्यानं समुद्र कधी बघितला होता की नाही, कोण जाणे. पण त्या माणसांना काहीतरी नवीन हवं होतं आणि ते त्यांनी थापीनं, ओळंब्यानं करून दाखवलं. आमच्याकडं जुनं म्हणजे राजवाडा नाहीतर देऊळ. ही घरं कुणाच्या खिजगणतीत नाहीत.

म्हणून मी डोळ्यांत तेल घालून बघते. खिडक्यांचे पडदे गेले, कुंड्या वाळल्या, गेटसमोर अनोळखी पांढरी गाडी दोनदा दिसली, की मी मनात त्या घराच्या नावापुढं फुली मारते. मग टेप घेतलेला माणूस येतो. शेवटी चारी बाजूंनी निळे पत्रे लागतात. पत्रे लागले की घर गेलं. माझा अंदाज सहसा चुकत नाही आणि त्याचा मला, खोटं कशाला बोलू, थोडा गर्वही होता.

सगळ्यांत आवडतं घर एका आतल्या गल्लीत होतं. रस्त्यावरून त्याचा जिना सिमेंटच्या जाळीमागं पुसट दिसायचा. गोल वळत वर जाणारा, खाली कुठंच खांब नसलेला. एका सकाळी जाळीच्या भोकाला मोबाइल लावून मी फोटो काढत होते, तेवढ्यात मालक बाहेर आला. चाळिशीचा, कंपनीचा शर्ट घातलेला. कागलच्या एमआयडीसीत कामाला होता, हे नंतर कळलं.

"काय बघालाय काकू? कुणी पाठवलंय?"

"कुणी नाही. जिना बघतेय."

"जिन्यात काय हाय बघण्यासारखं?"

मी सांगितलं. पोकळीत वळणारा स्लॅब तेव्हाच्या मिस्त्रीनं कसा ओतला असेल, ते सांगितलं. त्यानं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. विश्वास बसला नव्हता, ते दिसतच होतं. पण दारात आलेल्या माणसाला संशयावरून परत पाठवायची रीत कोल्हापुरात नाही. आधी चहा, मग उलटतपासणी. "या आत, च्या घ्या," म्हणाला.

आत हिरव्या-पांढऱ्या खड्यांचं मोझॅक, पायऱ्यांना काळी कड, कठडा हात फिरून फिरून गुळगुळीत झालेला. मी फोटो काढत सुटले. तेवढ्यात वरून टेपची खरखर ऐकू आली. जिन्याच्या वळणावर एक माणूस भिंत मोजत होता आणि पेन्सिलीनं भिंतीवर आकडे लिहीत होता.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"वॉटरप्रूफिंग. वडील गेल्यापासनं स्लॅब लईच गळालाय."

वॉटरप्रूफिंग. माझा चहा तिथंच कडू झाला. माझ्या भावानंही असंच काहीतरी सांगितलं होतं.

आमचं घर तिथून दोन गल्ल्या पलीकडं. वडिलांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेलं, समोर अर्धगोल बाल्कनी. ते गेल्यावर भावानं मला हक्कसोडीच्या सहीला बोलावलं. वडिलांच्या घरातला आपला वाटा बहिणीनं भावाच्या नावे सोडायचा, ही आमच्याकडची पद्धत. न सोडणारी बहीण माहेराला मुकते, हे कोणी बोलून दाखवत नाही, पण ते सगळ्यांना ठाऊक असतं. सही करून परत आलो, वहिनीनं पुरणपोळीचं जेवण घातलं, माझी ओटी भरली, मोरपंखी साडी दिली. भाऊ म्हणाला, थोडी डागडुजी करतो, घर आहे तसंच राहील. दोन वर्षांत पत्रे लागले. ती साडी मी एकदाही नेसले नाही.

त्यानंतर पुरुषांनी घरात टेप लावला की मला एकच गोष्ट दिसते.

पंधरा दिवसांनी मी त्या घरासमोरून जात होते, तेव्हा रिक्षातून एक बाई उतरली. तोंडवळा मालकाचाच, म्हणून मीच विचारलं. बहीण होती, इचलकरंजीला दिलेली. मी माझी ओळख सांगितली, घर किती सुंदर आहे म्हटलं. ती खुलली. म्हणाली, "गुरुवारी सहीला जायचंय. दादानं बोलावलंय. मी म्हटलं करून टाकू, वाद कशाला?"

मी तोंड आवरायला हवं होतं. माझा काय संबंध? पण जीभ सुटली. "ताई, सही करू नका. आत टेप लावून मोजमाप झालंय, मी डोळ्यांनी बघितलंय. वॉटरप्रूफिंग म्हणून सांगतात. माझ्या भावानं मला असंच फसवलं."

तिचा चेहरा उतरला. "व्हय?" एवढंच म्हणाली आणि आत गेली. मी ताठ मानेनं घरी आले. एक तरी बाई वाचवली, असं वाटलं.

पावसाळा संपल्यावर तिथं निळे पत्रे लागले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, आज याला सोडायचं नाही. मालक बाहेरच उभा होता, सामानाच्या टेम्पोजवळ.

"वॉटरप्रूफिंग झालं वाटतं," मी म्हणाले.

त्याला माझा टोमणा कळलाच नाही. "झालं न्हाय, काकू. सामान आणून टाकलंतं, मिस्त्री ठरलाता. बहिणीनं सही केली न्हाय. कुणीतरी तिचं कान भरलं. वाटणी मागितली तिनं. तिचा हक्क हाय, मी न्हाय म्हणत न्हाय. पण घराचं दोन तुकडं कसं करणार? तिचा वाटा द्यायची आपली ऐपत न्हाय. मग दिलं बिल्डरला." त्यानं टेम्पोची दोरी आवळली. "म्हातारपणी गच्चीवर बसायचं ठरवलंतं मी. आता ती बी येत न्हाय, मी बी बोलवत न्हाय."

बहिणीचा हक्क तिला मिळाला, ते बरोबरच झालं, हे मी आजही म्हणेन. पण मी तिला हक्क सांगितला नव्हता. मी तिला तिच्या भावाबद्दल खोटं सांगितलं होतं, तेही खात्रीनं.

"तुमी त्यादिवशी फोटो काढलंतं न्हवं?" तो म्हणाला. "आमच्याकडं जिन्याचा एक बी न्हाय. रोजच्या वापरातला जिना, फोटो कोण काढतंय? एक पाठवा की."

त्यानं नंबर दिला. मी घरी येऊन मोबाइल उघडला. सगळ्यांत चांगला फोटो खालून वर काढलेला होता, पूर्ण वळण त्यात आलेलं. त्या दिवशी मी फक्त रेषा बघितल्या होत्या. आता बघितलं तर खालच्या पायरीपाशी, डाव्या कोपऱ्यात, वॉटरप्रूफिंगच्या सिमेंटची पोती रचलेली. त्यांवरची अक्षरं चष्म्याशिवायही वाचता येत होती.

मी तो कोपरा कापला आणि मग फोटो पाठवला.

थोड्या वेळानं त्याचं उत्तर आलं. "लई भारी आलाय काकू. तुमच्यासारखं हे घर कुणी बघितलं न्हाय."