फॉल्टच्या पलीकडे काय आहे?

तेल शोधायचं काम करते म्हटलं की लोक हमखास विचारतात, "खाली तळं असतं का हो तेलाचं?" डोंबलाचं तळं! वाळूच्या दगडात बारीक छिद्रं असतात, त्यांत ते असतं. पाण्यापेक्षा हलकं, म्हणून तिरप्या थरातून वर वर सरकत राहतं. वाटेत फॉल्ट आला, म्हणजे थर तुटून एक बाजू खाली घसरलेली असली, की प्रश्न एकच. पलीकडे काय आलंय? चिकणमाती आली असेल तर तेल अडतं आणि साठतं. वाळूला वाळू भिडली असेल तर निघून जातं, आपण बसा हात चोळत.

आमच्या जयपूरच्या ऑफिसकडे पश्चिम वाळवंटातला, तेल शोधायला सरकारकडून मुदतीवर घेतलेला एक पट्टा होता. त्यातल्या मोठ्या फॉल्टपलीकडे वाळूच आहे, असं साहेबांनी तरुणपणी ठरवलं होतं. म्हणून तिथे कुणी विहीर खणलीच नाही. आता महिनाअखेरीस पट्टा सरकारला परत जाणार होता, आणि त्याच्यासोबत माझी इतक्या वर्षांची मेहनतही. माझा जीव तुटत होता.

जमिनीखालच्या थरांचं चित्र मी अजून कागदावर छापून घेते. फॉल्टच्या रेषेवर कागद दुमडायचा आणि पलीकडच्या रेघा अलीकडच्या रेघांना भिडवून बघायच्या, ही आमची जुनी पद्धत. साहेब नागपूरचे. म्हणाले, "काय मॅडम, कचोरीची पुडी बांधून राहिल्या का?"

मी मात्र बघतच राहिले. दोन ठळक रेघांची जोडी पलीकडे एक रेघ खालीच जुळत होती. म्हणजे ती बाजू साहेबांनी धरली होती त्याहून जास्त घसरलेली. मग आपल्या वाळूसमोर वाळू नव्हतीच, वरची जाड चिकणमाती खाली येऊन उभी होती!

"साहेब, तुमची रेघ चुकलीय."

"मला शिकवता?"

"शिकवत कुठे, दाखवतेय. घ्या, तुम्हीच दुमडा!" माझाही आवाज चढला.

त्यांनी दुमडला. उलगडला. पुन्हा दुमडला. "बाप्पा!" एवढंच म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी वरिष्ठांच्या बैठकीत स्वतः उभे राहिले आणि "चूक माझी होती, विहीर मॅडमच्या जागेवर घ्या," असं सरळ सांगून टाकलं. त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला. पट्ट्याला मुदतवाढ मिळाली.

विहीर खणून झाली त्या रविवारी आम्ही घरचे जयपूरजवळच्या कानोत्याच्या धरणावर डबे घेऊन गेलो होतो. काही केल्या घास उतरत नव्हता. नवरा म्हणाला, "जेव गं, तुझ्या उपाशी राहण्यानं तेल लागतंय होय?" तेवढ्यात विहिरीवरून साहेबांचा फोन आला.

"लागलं हो मॅडम! तेल लागलं!"

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. जयपुरात वाढलेली माझी लेक घाबरली. "आई, मतलब चांगली बातमी आहे ना? मग रडते का?"

"चांगली म्हणजे काय," मी फोन तिच्या कानाला लावला, "ऐक, साहेबसुद्धा रडतायत."