नामदेवनं घेतलेलं माप

रोही, म्हणजे नीलगाईचा नर, बाभळीच्या आडून निघाला आणि थेट गाडीसमोर आला. एवढं मोठं धूड, घोड्याएवढं. नामदेवनं ब्रेक दाबला, गाडी तिरपी झाली आणि मी मागच्या सीटवरून सुटले. नेरकडून येणाऱ्या त्या डांबरी रस्त्यावर मी पाठीवर पडले, आणि पडून थांबले नाही, घसरतच गेले. पाठीखाली खरखर आवाज येत होता, भरलेलं पोतं फरशीवरून ओढल्यासारखा. वर नुसतं आभाळ. थांबले तेव्हा रस्त्याकडेच्या मुरमात होते. डावा हात उचलेना. मान वळवली तर नामदेव गाडीखाली. हेल्मेट डोक्यावर जसंच्या तसं, पण हँडल पोटात रुतलेलं. रोही तुरीतून निघूनही गेला होता. मी हाक मारली, "नाम्या..." त्यानं ओ दिली नाही.

नामदेव माझा धाकटा भाऊ. यवतमाळच्या दवाखान्यात पोहोचायच्या आधी वाटेतच तो वारला. याला आता दीड महिना होत आला. भेटायला येणारे येऊन गेले, आणि त्यातल्या निम्म्यांनी मला एकच विचारलं, या वयात फटफटीवर कायले बसली होती? मी त्यांना सांगितलं की माझे गुडघे एसटीची पायरी चढत नाहीत. बसले नसते तर घरात बसले असते. गेल्या काही वर्षांत मी उमरखेडला लेकीकडे किती वेळा गेले, मारेगावला मावसबहिणीला भेटले, ती वारली तेव्हा तिच्या मातीला वेळेवर पोहोचले, ते सगळं नामदेवच्या गाडीवर. ज्यानं मला फिरवलं त्याच्याबद्दल मी रडत बसणार नाही. तो कसा होता ते सांगते.

त्यानं लग्न केलं नाही. कालव्यावर सरकारी नोकरी होती, पाणी सोडायचं, पाणी बंद करायचं, आणि कालव्याच्या काठानं गाडी पळवायची. माझे मालक गेल्यावर आणि त्याची नोकरी संपल्यावर तो माझ्याकडे राहायला आला. एक पेटी, गाडी आणि चामड्याचं एक जाकीट घेऊन. मी त्याला दारातच थांबवलं. चामडं देवघराच्या बाजूला येता कामा नये, ओसरीच्या खुंटीला टांग, असं सांगितलं. तो म्हणाला, "बाई, तुह्या देवाच्या ढोलकीले काय लावलं आहे मंग? पुठ्ठा?" मोठ्या बहिणीला आमच्याकडे बाई म्हणतात. मी म्हटलं, ढोलकी देवाची आहे, जाकीट तुझं आहे. जाकीट खुंटीला गेलं.

हे पहिलं जाकीट मुंबईच्या एका नावाजलेल्या कारागिराचं होतं. दिसायला झोकदार, खांद्यात कापूस भरलेला, चेन चकचकीत. मला ते आवडायचं. तेच घालून तो दारव्ह्याच्या रस्त्याला वाळूवरून घसरला. हाड मोडलं नाही, पण जाकीट ढिलं होतं, ते घसरताना वर सरकलं आणि काखेत जाऊन बसलं. चामडं राहिलं वर आणि पाठ गेली रस्त्याला. कमरेपासून मधोमधपर्यंत कातडी निघाली. पावसाळाभर मी त्याच्या पाठीला मलम लावलं. तो पालथा पडून म्हणायचा, "चामडं एक नंबर होतं बाई. बसत नव्हतं." मी म्हणायची, "तुले तं अक्कलच बसत नाही." पण त्या पडण्यानं त्याला एक कळलं ते कळलं. चामडं चांगलं असणं वेगळं, ते अंगाला बसणं वेगळं.

मग सुरू झाला तो खेळ, जो गल्लीनं पोटभर पाहिला. त्याला दुसरा शौक नव्हता. बायको नाही, पोर नाही, दारू नाही, त्यामुळे पेन्शन चामड्यात गेली तरी मी बोलले नाही. एक जाकीट विलायतेहून मागवलं, घोड्याच्या चामड्याचं. ते खाली ठेवलं तर उभं राहायचं, माणूस आत नसतानाही. शेजारची इंदू म्हणाली, "भाऊ, घोड्याचं कातडं पांघरून गाढवावानी उन्हात कायले हिंडता?" तो म्हणाला, "गाढवाचं भेटलं नाही, वहिनी. भेटलं असतं तं तुमच्या मालकाले बी एक घेतलं असतं." त्या घोड्याच्या जाकिटाची शिवण मी बोटानं पाहिली. दोरा जाड, टाका बारीक, कुठे उसवणार नाही. पण ते उंच, सपाट पोटाच्या माणसासाठी बेतलेलं होतं. नामदेवच्या पोटावर चेन लागली की त्याचा श्वास अर्धा व्हायचा.

नंतरचं मद्रासकडच्या एका कारागिराचं. हा माणूस थोडीच जाकिटं शिवायचा, माप घेऊनच शिवायचा आणि फोनवर हिंदीत सतरा प्रश्न विचारायचा. त्याचं चामडं विलायतीएवढं जाड नव्हतं, मुंबईच्याएवढं चमकत नव्हतं. पण काखेत त्यानं वेगळा तुकडा घातला होता, त्यामुळे हात पुढे केला तरी मागची बाजू उचलत नव्हती. नामदेव तिन्ही जाकिटं बाजेवर पसरायचा आणि एकेक घालून उलट्या घातलेल्या उखळावर बसायचा, हात हँडलला धरल्यासारखे पुढे करून. मग म्हणायचा, "ओढ बाई." मी मागून जाकिटाचा काठ धरून सगळ्या ताकदीनं वर ओढायची. मुंबईचं मानेपर्यंत यायचं. विलायतेचं हलायचं नाही, पण तोही हलायचा नाही, लाल व्हायचा. मद्रासचं बोटभर सरकून थांबायचं. इंदू कुंपणावरून विचारायची, "बहीणभाऊ भांडून राह्यले का?" मी सांगायची, "नाही, ह्याले सोलून राह्यली."

तरी मी मुंबईचंच चांगलं म्हणायची. आमचा वाद कधी मिटला नाही. मी म्हणायची, माणूस रोज पडत नाही, रोज दिसतो. तो म्हणायचा, "दिसायले कोण आहे बाई मले? पडायले रस्ता आहे."

पावसाळ्यात तिन्ही जाकिटांना बुरशी आली. तो तेल लावून पुसत बसला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बुरशी. तेव्हा मीच ती उचलून मधल्या खोलीत धान्याच्या कोठीजवळ टांगली, तिथे कोरडं असतं. देवघर तिथून हाकेवर.  

मग त्याच्या डोक्यात माझं आलं. मी त्याच्या मागे बसायची ती अंगावर शाल घेऊन. लुगडं कासोट्याचं, त्यामुळे दोन्हीकडे पाय टाकून बसता येतं, पण शाल आणि पदर वाऱ्यावर. एकदा शालीचं टोक चाकाकडे गेलं, त्यानं वेळेत पाहिलं. घरी येऊन म्हणाला, आता जाकिटाशिवाय तुला बसवणार नाही. पदर आत, चेन वर. मी म्हटलं, लोक काय म्हणतील? तो म्हणाला, "लोकाइले मी पाहून घेतो. तू पडली तं मलम कोण लावंल? मले थे काम येत नाही."

मद्रासच्या माणसानं फोनवर सांगितलं, तिला नीट बसणारा एखादा कपडा सपाट ठेवून त्याची मापं पाठवा. आता आमच्याकडे बाईचं माप कसं घेतात? शिंपी अंगाला टेप लावत नाही. आपण मापाचं पोलकं नेऊन द्यायचं, तो त्याबरहुकूम शिवतो. माझं मापाचं पोलकं मी कित्येक वर्षं जपून ठेवलेलं, तेच नेरच्या शिंप्याकडे जायचं आणि यायचं. नामदेवनं बाई आणि कपडा हा विषय जन्मात पाहिला नव्हता. त्यानं पेटीतून ते पोलकं काढलं, बाजेवर ठेवलं, छाती, खांदा, बाही, उंची सगळं मोजलं आणि पाठवून दिलं. मला दाखवलंही नाही. मद्रासवाल्यानं फोन करून बाहीचं पुन्हा विचारलं. हा आपल्या हिंदीत ओरडला, "हाँ हाँ, सही है! एकदम अच्छा बैठता है उनको!"

पार्सल आलं तेव्हा ओसरीवर बायका जमल्या. कागद काढला आणि सगळ्या पुढे सरकल्या. चामडं असं की हात फिरवत राहावा. आत रेशमासारखं अस्तर. टाके मुंग्यांच्या रांगेसारखे. बाह्या कोपरापर्यंत आणि उंची बरगडीपर्यंत.

इंदू म्हणाली, "अवो माय... हे तं चामड्याचं पोलकं आहे!"

मी म्हटलं, "नाम्या, आता याच्यावर चामड्याचं लुगडं बी सांग त्याले. मंग उभी करजो मले बुजगावण्यावानी."

तो आधी ओशाळला, मग हसायला लागला तो खोकल्यापर्यंत. त्यानं तिथेच मद्रासला फोन लावला. पोलकं म्हणजे काय हे त्याला हिंदीत समजावता समजावता आमच्या हसून मुरकुंड्या वळल्या. समजलं तेव्हा तो माणूसही हसला. मग म्हणाला, मी दुसरं शिवतो, पण आता कपडा मोजू नका, बाई मोजा. त्या गाडीवर जशा बसतात तशा बसवून, जे नेसतात ते नेसून.

म्हणून एका सकाळी अंगणात गाडी स्टँडवर लावली, मला मागे बसवलं आणि पुढच्या सीटवर तांदळाचं पोतं उभं केलं, नामदेवच्या जागी. मी पोत्याला धरलं आणि नामदेवनं टेप लावला. मानेपासून कमरेपर्यंत. खांद्यापासून मनगटापर्यंत, हात पुढे असताना. लुगड्याच्या कासोट्यावरून कमर. माझ्या पाठीला बाक आहे, तिथे तो अडला. मी म्हटलं, "कुबड लिहू नको." तो म्हणाला, "नाही लिहीत. 'मागून जास्त' लिहितो." उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली आहे, तेही त्यानं मोजलं. इतकी वर्षं कापूस वेचताना तो भरायच्या ओटीचं, म्हणजे झोळीचं, ओझं त्याच बाजूला असायचं. मला ते माहीत होतं, पण दुसऱ्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

तेव्हा मला जे वाटलं ते आजही वाटतं. माझ्या आयुष्यात माझ्या अंगाचं माप कुणी घेतलं नव्हतं. लग्नातली चोळी अंदाजानं. चपला मालक बाजारातून आणायचे, अंदाजानं वीतभर काडी मोडून नेऊन. त्यात पाय जुळवून घ्यायचा, आणि मी घेत आले. त्याची तक्रार नाही, सगळ्या बायांचं तसंच होतं. पण म्हातारपणी एक माणूस अंगणात उकिडवा बसून, चष्मा सावरत, माझा एक खांदा दुसऱ्याहून किती खाली आहे ते दोनदा तपासत होता... हे मला मिळालं. सगळ्यांना मिळत नाही.

दुसरं जाकीट आलं. मी घातलं, पदर आत घेतला, चेन लावली, उखळावर बसले. नामदेव मागे गेला. "ओढू?" म्हणाला. "ओढ ना." त्यानं ओढलं. मी उखळावरून उठले, पण जाकीट पाठीवरून हललं नाही. तो म्हणाला, "बाई, हे बसलं." त्या दिवशी मी कबूल केलं की मुंबईवाल्यापेक्षा मद्रासवाला बरा. तेवढं ऐकायला तो वर्षानुवर्षं थांबला होता, पण जास्त मिरवला नाही. त्या दिवशी चहा एकदाच्या ऐवजी दोनदा मागितला, एवढंच.

त्या रस्त्यावर आम्ही दोघंही मद्रासची जाकिटं घालून होतो. त्याचंही सरकलं नाही. पण चामडं खरचटण्यापासून वाचवतं, पोटातल्या मारापासून नाही. हे मी लिहिते कारण कुणी असं समजू नये की जाकीट घातलं की झालं.

माझ्या दुसऱ्या हाकेला तो बोलला. मी सरकत सरकत त्याच्याजवळ गेले होते. डोळे उघडे होते त्याचे. म्हणाला, "बाई... वर सरकलं का?"

मी म्हटलं, "नाही."

"पाह्य नीट."

मी उजवा हात मागे नेऊन चाचपलं. काठ कमरेवरच होता, कासोट्याच्या वर, जिथे त्यानं मोजला होता. मी म्हटलं, "जागच्या जागी आहे."

"मंग ठीक आहे," तो म्हणाला. यानंतर तो माझ्याशी काही बोलला नाही. कापसाची गाडी घेऊन येणारे लोक थांबले आणि त्यांनी आम्हाला उचललं.

दवाखान्यात नर्सबाई जाकीट कापायला कात्री घेऊन आली. मी कापू दिलं नाही. दुखलं तरी चालेल, काढा म्हटलं. त्यांनी काढलं. खांद्याचं हाड मोडलं होतं. पाठीवर ओरखडा नव्हता. नर्सबाईनं जाकिटाची मागची बाजू पाहिली, पांढरी पडलेली, घासून पार लव आलेली, आणि माझी पाठ पुन्हा पाहिली.

मद्रासच्या माणसाचा फोन आला होता. त्याला कुणीतरी कळवलं असावं. तो मागचा तुकडा बदलून देतो म्हणाला. मी म्हटलं, राहू द्या, भोक पडलेलं नाही. 

आता हाड जुळलंय. परवा जावई उमरखेडहून मला न्यायला आले, फटफटी घेऊनच. इंदूनं डोक्याला हात लावला. मी कोठीजवळून जाकीट काढलं, पदर आत घेतला, चेन लावली. डावा हात अजून वर जात नाही, पण पुढे जातो, आणि धरायला तेवढा पुरतो.

त्या रस्त्यावर आम्ही दोघं पडलो. नामदेव वारला. मी जगले.